राणी सोनदोक: 62 भाग, एक सिंहासन आणि लपवलेलं पंचांग

राज्यात दुष्काळ आहे. मीशिल नावाची बाई सगळ्यांसमोर पर्जन्यविधी करते आणि पाऊस पडतो. लोक चिखलात डोकं टेकवतात. हिचं देवाशी बोलणं आहे, हिच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे प्रत्येकाच्या मनात पक्कं बसतं. खरं तर पाऊस कधी येणार हे मीशिलला आधीच कळलेलं असतं. तिच्याकडे बाहेरच्या देशातून आलेलं एक पंचांग आहे आणि त्यातलं गणित जाणणारा माणूस तिनं आपल्या ताब्यात ठेवलाय. राजाकडे मुकुट आहे, पण पंचांग नाही. त्यामुळे हुकूम मीशिलचा चालतो.

‘राणी सोनदोक’ या कोरियन मालिकेनं मला धरून ठेवलं ते इथे. शिरपूर तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे आणि काउंटरला मी बसते. मेच्या शेवटी बागायतदार कापसाची पाकिटं नेतात. कोरडवाहूवाले मात्र दुकानात येतात, पाकीट हातात घेऊन बघतात, खाली ठेवतात आणि विचारतात, ‘ताई, काय म्हणता, पडेल का?’ धूळपेरणी करायची की थांबायचं, एवढ्या एका निर्णयावर घरचं वर्ष उभं असतं. पाऊस कधी येणार हे ज्याला नक्की सांगता येईल त्याच्या हातात किती मोठी सत्ता जाईल, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सातव्या शतकातल्या कोरियाची गोष्ट रचताना या लेखकांनी सत्तेचं मूळ तलवारीत शोधलं नाही, आभाळाच्या माहितीत शोधलं. म्हणून ही मालिका मला इतर राजेरजवाड्यांच्या मालिकांपेक्षा वेगळी वाटली.

आधी थोडी ओळख. मालिका कोरियाच्या एमबीसी वाहिनीची आहे. 25 मे 2009 ला सुरू झाली आणि 22 डिसेंबर 2009 ला संपली. एकूण 62 भाग आहेत आणि प्रत्येक भाग तासाभराचा. लेखन किम यंग-ह्यन आणि पार्क सांग-योन यांचं. राजकन्या दोकमान, म्हणजे पुढची राणी सोनदोक, हिच्या भूमिकेत ली यो-वन, मीशिल गो ह्यन-जंग, सेनापती यूशिन ओम ते-उंग आणि बीदाम किम नाम-गिल.

तेव्हा कोरियात तीन राज्यं होती. उत्तरेला बलाढ्य गोगुर्यो, नैऋत्येला बेकजे आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात शिल्ला. तिघांतलं मागे पडलेलं, कोपऱ्यातलं शिल्लाच पुढे बेकजे (660) आणि गोगुर्यो (668) या दोघांच्या अंतानंतर उरलं, चीनच्या तांग सैन्याच्या मदतीनं, आणि मग त्याच तांग सैन्याला 676 पर्यंत मागे रेटून. मालिका हा सगळा काळ दाखवत नाही. ती थांबते 647 मध्ये, राणी सोनदोकच्या शेवटाशी. पुढचं एकीकरण ज्यांच्या हातून होणार ते यूशिन आणि राजघराण्यातला चुनचू इथे तरुण आहेत, घडताहेत.

शिल्लाच्या गादीचा नियम फार कडक होता. आई आणि बाप दोघंही राजरक्ताचे असतील तरच मूल ‘पवित्र अस्थी’चं आणि गादी त्यालाच. एका बाजूनं रक्त कमी पडलं की तो ‘खरी अस्थी’. मोठा मान, मोठं पद, पण सिंहासन नाही. मालिकेत या नियमावर एक भाकीत चढवलंय: राजघराण्यात जुळं जन्मलं की पवित्र अस्थीच्या पुरुषांचा वंश संपेल. राजा जिनप्योंगला नेमक्या जुळ्या मुली होतात. हे मीशिलला कळलं तर राणीची गच्छंती ठरलेली. म्हणून राजा एका मुलीला, चोनम्योंगला, जवळ ठेवतो आणि दुसरीला दासीच्या ओटीत घालून रातोरात बाहेर पाठवतो. ही दुसरी म्हणजे दोकमान. ती ताक्लामाकानच्या वाळवंटात, व्यापाऱ्यांच्या सरायेत वाढते. मग आपण कोण हे शोधत शिल्लाला येते, मुलाच्या वेशात ह्वारांग तरुणांच्या पथकात शिपाई म्हणून भरती होते. लहान दोकमान झालेली नाम जी-ह्यन सुरुवातीचे भाग एकटीच्या बळावर ओढून नेते. इतकी जिवंत, बडबडी, निडर पोरगी बऱ्याच दिवसांत पडद्यावर पाहिली नव्हती.

आमच्या घरी ही मालिका लेकीनं लावली. धुळ्याला कॉलेजात असते, सुटीत आली होती. सबटायटल्स इंग्रजी, म्हणून ती मोठ्यानं मराठीत सांगत जायची आणि सासूबाई पलंगावर बसून ऐकत बघायच्या. मला वाटलं होतं त्या कंटाळतील. पण दुकान बंद करून घरी यायला मला उशीर झाला तर पुढचा भाग थांबवून ठेवायला सांगायच्या. मीशिलबद्दल त्यांचं मत पहिल्या काही दिवसांतच ठरलं: ‘बाई वाईट शे, पन राज करानं तिलेच जमस.’

हे मत मालिकेचंही आहे. गो ह्यन-जंगची मीशिल ओरडत नाही, डोळे वटारत नाही. एक भुवई किंचित उचलते, ओठांचं टोक हलतं, आणि समोरचा सरदार घाम पुसायला लागतो. नवरा, प्रियकर, भाऊ, मुलगा, सगळे तिच्या पदरी कामाला आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की ती खरी आपलीच. कोण किती उपयोगाचा याचा हिशेब तिच्या डोळ्यांत सतत चालू असतो. त्या वर्षीचा एमबीसीचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार तिला मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. खलनायिकेला इतकी बुद्धी आणि इतका मान देणाऱ्या मालिका आपल्याकडे होत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडच्या सासवा-जावा अजून दुधात काहीतरी कालवण्यात अडकल्या आहेत.

आणि मीशिल दोकमानची गुरूही आहे. दोघी समोरासमोर बसून बोलतात ते प्रसंग या मालिकेचा कणा आहेत. लोकांना सत्य पेलत नाही, त्यांना चमत्कार हवा असतो, असं मीशिल मानते. लोकांना माहिती द्या, आशा द्या, असं दोकमान म्हणते. लेखकांनी यात दोकमानला सोपा विजय दिलेला नाही. मीशिलचे प्रश्न खरे आहेत, आणि गादीवर बसल्यावर दोकमानला त्यांतले काही स्वतःलाच विचारावे लागतात.

सूर्यग्रहणाचा प्रसंग याच वादाचं टोक आहे. दोकमान पंचांगाचं गणित जाणणाऱ्या वोलचोन या भिक्षूला आपल्या बाजूला वळवते. ग्रहण होणार की नाही, समोरची खरं बोलतेय की फसवतेय, याच्यावर दोन्हीकडून डाव चालतात. मीशिल डोळ्यांत बघून माणूस वाचते, म्हणून दोकमान आपल्याच माणसाला, बीदामला, अर्धी गोष्ट सांगते. ग्रहण होणार नाही असं मीशिल जाहीर करते आणि भरदिवसा अंधार पडतो. त्या अंधारातून दोकमान राजकन्या म्हणून लोकांसमोर येते. इथपर्यंत हा चमत्काराला चमत्कारानं दिलेला जबाब आहे. पण लगेच ती घोषणा करते की यापुढे पंचांग राजवाड्यात लपणार नाही, आभाळ बघण्यासाठी मनोरा बांधू आणि त्यातली माहिती सगळ्यांची असेल. हा अधिकार आजवर ज्या घराण्यानं वापरला त्याच घराण्याची मुलगी तो सोडून देते, हे ऐकताना मी उठून बसले.

तो मनोरा आजही आहे. ग्योंगजू शहरातला चोमसोंगदे, सुमारे 9 मीटर उंचीचा दगडी मनोरा, सोनदोकच्या काळात बांधलेला. दगडांचे 27 थर आहेत आणि सोनदोक शिल्लाची 27वी शासक होती, म्हणून या आकड्याचा संबंध जोडतात. मालिका बघून झाल्यावर त्याचे फोटो शोधून पाहिले. मधोमध एक चौकोनी खिडकी, बाकी साधा.

आमच्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. पाऊस कसा, कोणतं पीक येईल, आणि राजाची गादी टिकेल का. घटात पानविडा असतो, तो जागेवर राहिला की राजा कायम. आखाजी संपली की आमच्या दुकानात कितीतरी दिवस हवामान खात्याच्या अंदाजाच्या बरोबरीनं याची चर्चा असते. पाऊस, पीक आणि राजा एकाच घटात का, हा प्रश्न मला आधी पडला नव्हता. मीशिलला पाहिल्यावर पडला आणि उत्तरही मिळालं.

माझ्या मते सगळ्यात ताकदीचा भाग मात्र धान्याचा आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. पीक कमी आलेलं आहे. अशात सरदार मंडळी बाजारातलं धान्य चढ्या भावानं विकत घेत सुटतात. ज्यांची कोठारं आधीच भरलेली आहेत ते महाग धान्य का घेताहेत, हे दोकमानला कळेना. मग उलगडतं. भाव इतका चढवायचा की लहान शेतकऱ्याला पोटासाठी कर्ज काढावं लागेल. कर्ज फिटणार नाहीच, मग त्याची जमीन येईल आणि शेवटी तो स्वतः गुलाम म्हणून येईल. धान्यातला नफा किरकोळ, खरा नफा जमिनीत आणि माणसांत. सासूबाईंनी लेकीला थांबवलं आणि म्हणाल्या, ‘पहिले दाना लेतस, मंग जमीन लेतस.’ बहात्तरचा दुष्काळ त्यांनी पाहिलाय. सुकडी आणि लाल मिलो खाऊन काढलेले दिवस. त्या काळी कुणाची जमीन कुणाकडे गेली हे त्यांना अजून बांधासकट सांगता येतं.

दोकमान काय करते? सैन्यासाठी राखलेलं धान्य बाजारात उतरवते. भाव कोसळायला लागतो. ज्यांनी महाग घेऊन साठवलं त्यांची धांदल उडते, तेही विकायला धावतात आणि भाव आणखी खाली येतो. मीशिलला हे आवडलेलं नसतं, पण डाव तिला दिसतो आणि त्याची दाद तिच्या चेहऱ्यावर उमटते. कापूस घरात ठेवायचा की खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळं व्हायचं, या विवंचनेत बसलेली माणसं रोज मी बघते. एका मोठ्या ठोक विक्रेत्यानं ऐन हंगामात युरिया हवा तर सोबत नको ती औषधंही घ्या असं लिंकिंग आमच्यावर लादलं होतं, तेव्हा टंचाई कशी तयार केली जाते हे आम्हीही भोगलंय. म्हणून सांगते, बाजार कसा हलतो हे इतकं चोख दाखवणारी ऐतिहासिक मालिका मला दुसरी माहीत नाही.

यानंतरचा प्रसंग त्याहून कठीण आहे. दोकमान शस्त्रं वितळवून शेतीची अवजारं करवते आणि बंड केलेल्या एका गावाला पडीक जमीन, धान्य, अवजारं देते. कसा, पिकवा, परत फेडा. गावकरी सगळं घेऊन पळून जातात, कारण राजवाड्याचा शब्द खरा असतो हे त्यांनी आयुष्यात अनुभवलेलं नाही. पकडून आणल्यावर दोकमान स्वतःच्या हातानं त्यांच्या म्होरक्यांना मारते आणि मग थरथरत राहते. त्या रात्री आमच्या घरात वाद झाला. लेकीला हे अजिबात पटलं नाही. आमच्या यांच्या मते दुसरा मार्गच नव्हता. मला वाटतं की इथे दोकमान मीशिलच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते, आणि लेखकांनी ते लपवलं नाही, यासाठी त्यांचे आभार मानावेत.

गादीच्या वारशाची गोष्टही याच उंचीवर जाते. चोनम्योंगचा मुलगा चुनचू (यू सुंग-हो) भर दरबारात म्हणतो की हा अस्थींचा नियम रानटी आहे. दोकमान म्हणते की बाई असूनही मी राजा होणार. हे दोन्ही ऐकून मीशिल रात्रभर जागी राहते. आयुष्यभर तिनं राजाची बायको व्हायची धडपड केली. स्वतः राजा व्हावं हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. एवढ्या हुशार बाईच्या डोक्यात ते दार कुणी बंद करून ठेवलं होतं? गो ह्यन-जंग इथे जवळजवळ काही न बोलता सगळं सांगते. मग ती उठाव करते, हरत जाते, देया किल्ल्यात अडकते. सीमेवरचं सैन्य तिच्या मदतीला निघालेलं असतं. ते आलं तर ती जिंकू शकते, पण बेकजेसमोरची सीमा उघडी पडेल. त्या सीमेसाठी तिची माणसं मेली आहेत. ती सैन्याला परत पाठवते आणि विष घेते. सिंहासनावर बसल्या बसल्या. 50व्या भागात.

घरात गादीचं भांडण आणि सीमेवर टपलेला शेजारी, खानदेशातल्या माणसाला हे परकं वाटायला नको. शिरपूरहून थोड्या अंतरावर तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. 1382 मध्ये मलिक राजानं हे राज्य उभं केलं आणि मरताना दोन मुलांत वाटलं, थोरल्या नासिरला लळिंग, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. 1417 मध्ये थोरल्यानं माळव्याची मदत घेऊन धाकट्याकडून थाळनेर हिसकावलं, आणि लगेच गुजरातचा सुलतान अहमदशहा मध्ये पडला. पुढे 1508 च्या सुमारास पुन्हा गादी रिकामी झाली तेव्हा एक वारसदार अहमदनगरनं पुढे केला, एक गुजरातच्या महमूद बेगड्यानं. बसला तो बेगड्याचा. मोठ्या शेजाऱ्यांमध्ये दबलेल्या लहान राज्यात घरातलं भांडण कधी घरात राहत नाही. शिल्लाचंही तेच. दरबारात कुणी कुणावर उठलं की बेकजे किल्ले घेत सुटतं. थाळनेरच्या कबरींजवळून आम्ही कितीदा गेलोय. लेकीनं मालिकेनंतर फारुकींचं पुस्तक ग्रंथालयातून आणलं.

इतिहास म्हणून ही मालिका किती खरी, हे सांगायला हवं. सोनदोक खरी, 632 ते 647 राज्य केलं, कोरियातली पहिली राज्यकर्ती राणी. यूशिन खरा, त्याचं घराणं बुडालेल्या गाया राज्याचं, हेही खरं. चुनचू पुढे राजा मुयोल झाला आणि तो ‘खरी अस्थी’तला पहिला राजा. पण जुळ्या बहिणी, वाळवंट, मुलाचा वेश हे सगळं रचलेलं. मीशिलचं नाव 1145 च्या ‘सामगुक सागी’ या मुख्य इतिहासग्रंथात नाही; ती येते एका हस्तलिखितातून, ज्याच्या अस्सलपणावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहे. बीदामचं बंड मात्र नोंदलेलं आहे. बाईला राज्य नीट चालवता येत नाही, हे बंडखोरांचं कारण होतं. बंडाच्या वेळी तारा पडला, सैन्य घाबरलं, तेव्हा यूशिननं पेटता पतंग आकाशात चढवून तारा परत वर गेला असं पसरवलं, ही गोष्टही जुन्या ग्रंथातलीच.

उणं काय? लढाया. बेकजेविरुद्धच्या सुरुवातीच्या मोहिमेत, शिपाई पोरं घाबरून एकमेकांना धरून उभी राहतात तो भाग उत्तम आहे, कारण तिथे माणसं ओळखीची आहेत. पण मोठं युद्ध आलं की शे-सव्वाशे जणांना फिरवून फिरवून दाखवल्याचं जाणवतं. यूशिनला सदैव सज्जन ठेवलंय, त्यामुळे ओम ते-उंगला करायला फार काही उरत नाही. जुकबांग आणि गोदो या हलक्याफुलक्या जोडीचे विनोद मध्येच लांबतात. आणि मीशिल गेल्यावर शेवटच्या बारा भागांत मालिकेचा तोल जातो. तिच्या तोडीचा विरोधकच कुणी नाही. बीदामला, म्हणजे मीशिलनं टाकून दिलेल्या मुलाला, तिथे उभं केलंय. किम नाम-गिल जीव ओतून काम करतो, पण त्याचं मन फिरवण्यासाठी जे गैरसमज घडवले आहेत ते दोन वाक्यांत सुटले असते. तरी शेवटचा भाग चुकवू नका. बंड मोडलंय, बीदाम वेढला गेलाय, आणि तो एकटा राणीच्या दिशेनं चालत निघतो, किती पावलं उरली ते मोजत. तिच्यापर्यंत पोचत नाही.

बघायला बसाल तर एक करा. पहिल्या दोन भागांत तीन राजे येऊन जातात आणि नावं डोक्यात राहत नाहीत. आमच्या लेकीनं वहीच्या मागच्या पानावर वंशवेल काढली होती, मीशिलच्या नात्यांसाठी वेगळ्या रंगाची शाई घेऊन. ती वही शेवटपर्यंत टीव्हीजवळ होती. पहिले चार भाग जड जातील, तेवढे रेटा. दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं सोबत बसू शकतात. तलवारीनं मारणं आणि रक्त आहे, पण घरच्यांसमोर लाज वाटावी असं काही नाही. इंग्रजी वाचणारं कुणी घरात असेल तर त्याला मोठ्यानं सांगायला लावा. कापूस वेचणी सुरू व्हायच्या आत धरा, म्हणजे वेचणीच्या गडबडीत मध्येच सोडावी लागणार नाही.